जीव आणि जोम

घट बसायच्या दिवशी सकाळीच आजी मला शेतात पिटाळायची, माती आणायला. आमचे गाव बार्शीकडचे, रब्बीच्या जोंधळ्याचे. काखेत पाटी मारून मी निघालो की ती ओट्यावरून हाक देऊन बजावायची, ‘‘थोरल्या तुकड्यातली आण रं. जिथं जोंधळा पेरायचाय तिथली.’’ परसात माती होती. ओढ्याकाठची गाळमाती तर लोण्यासारखी मऊ होती. पण ती तिला चालत नसे. देवीला पेरणीच्या वावरातलीच माती लागत असेल असे मला वाटे, आणि मी अर्धा कोस तुडवत थोरल्या तुकड्यात जाई.

मग परडीत पत्रावळ, पत्रावळीवर मातीचा थर, मधोमध पाण्याने भरलेला घट आणि त्याच्याभोवती धान्य. हे दाणे रोजच्या कणगीतले नसत. माजघरातल्या उतरंडीत पेरणीचे बी राखेत कालवून ठेवलेले असे, त्यातली मूठ आजी घटाला काढी. घटाचे पाणी पाझरत राही, माती ओली राही, रोज कारळाच्या फुलांची एक माळ चढे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसत आणि नवव्या दिवशी परडीभर पिवळसर लव उभी राही. दसऱ्याला टोपीत तुरा खोवायला मिळणार म्हणून आम्ही पोरे हरखून जात असू. आजी मात्र त्या लवेवर उघडा तळहात टेकवी, अलगद दाबी, आणि कोंब हाताला उलटून कसे लागतात ते पाही. किती उगवले हे तिने कधी मोजल्याचे मला आठवत नाही.

एका वर्षी तिने असाच हात ठेवला आणि काढून घेतला. लव दाट होती, फारसा दाणा मेलेला नव्हता. तरी ती आजोबांना म्हणाली, ‘‘जीव हाय, पर जोम न्हाय. ह्यंदा बी बदला.’’ त्या श्रावणात माळवद गळले होते आणि उतरंडीच्या बाजूची भिंत ओली झाली होती. आजोबांनी भावकीतून बी बदलून आणले. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही. आज वाटते की झाडापेरांविषयी मी आयुष्यभर जे काही वाचले, त्याचा गाभा त्या एका वाक्यात होता.

*

पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना आजीचे हे वाक्य मला जर्मनीत भेटले. सॅक्सनीतल्या थारांट या गावी १८६९ मध्ये फ्रीडरिश नोब्बे यांनी बियाणे तपासण्याचे पहिले केंद्र सुरू केले. बियाण्यात कचरा, वाळू, तणांचे बी, मेलेले दाणे मिसळून विकले जात होते. शेतकऱ्याला आधार हवा होता. नोब्बे यांनी दाणे मोजून ओलीत ठेवायचे आणि शंभरातले किती उगवतात ते पाहायचे, असा काटेकोर रिवाज घालून दिला. आज बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची जी टक्केवारी छापलेली असते, तिचे मूळ या कामात आहे. पण नोब्बे यांच्या लक्षात आले होते की टक्केवारी सारखी असूनही दोन बियाणी सारखी नसतात. एक झपाट्याने आणि एकसाथ वर येते. दुसरे रेंगाळते, कुठे आज तर कुठे चार दिवसांनी. या फरकाला त्यांनी ‘ट्रीबक्राफ्ट’ असा शब्द वापरला. आपल्याकडे त्याला ‘रेटा’ म्हणता येईल. आजी जोम म्हणत होती.

रेटा मोजायचा कसा, याचे उत्तर लोरेन्झ हिल्टनर यांनी १९११ मध्ये दिले, आणि ते मला आजही फार सुंदर वाटते. त्यांनी बियाण्यावर ठेचलेल्या विटांचा थर पसरला. ज्या कोंबाच्या अंगात ताकद असेल तो हा थर फोडून वर येईल. रोगट, दुबळा कोंब आत जिवंत असूनही खालीच वाकून राहील. जिरायती शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पेरणीनंतर पाऊस कोसळतो, वर कडक ऊन पडते, जमिनीवर पापडी धरते. त्या पापडीखाली कोंब मुडपून पडलेले असतात. उकरून पाहिले तर पांढरे, जिवंत, आणि हरलेले. प्रयोगशाळेच्या कागदावर त्यांची गणती ‘उगवले’ अशी झाली असती. शेताने त्यांना मोजलेच नाही.

या विषयाचे मर्म एवढेच आहे की जोम आधी जातो, जीव नंतर. दाणा कणसात भरत येतो तेव्हा जोंधळ्याच्या दाण्याच्या बुडाशी एक काळा ठिपका उमटतो. ताटाकडून येणारा रस तिथे थांबतो. बियाणे आपल्या आयुष्यात सर्वांत जोमदार असते ते साधारण याच घडीला. त्यानंतर फक्त उतार. काढणी, मळणी, वाळवण, साठवण यांतले काहीही त्याला अधिक बळ देऊ शकत नाही. चांगली निगा उतार मंद करते, वाईट निगा तो तीव्र करते. आणि उगवणीची टक्केवारी या उताराची चाहूल लवकर लागू देत नाही. ती कितीतरी काळ नव्वदीत दिसत राहते. आतून बियाणे पोखरत चाललेले असते, पण आकडा निश्चल. मग एक दिवस तो कडा कोसळावा तसा खाली येतो आणि आपण म्हणतो, अचानक काय झाले? अचानक काहीच झालेले नसते.

*

बियाण्याच्या आत काय चालते? वाळलेला दाणा थांबलेला असतो, मेलेला नसतो. आतले पाणी आठ-दहा टक्क्यांपर्यंत उतरले की पेशीतला द्रव घट्ट होत होत काचेसारखा होतो. शर्करा आणि काही खास प्रथिने पाण्याची जागा घेऊन नाजूक पापुद्र्यांना सावरून धरतात. त्या काचेत हालचाल जवळजवळ थांबते, पण पूर्ण थांबत नाही. तेलाचे कण हळूहळू खवट होतात, पेशींची पटले विरतात, आनुवंशिक धाग्याला बारीक बारीक तुटी पडतात. दाणा ओलीत पडला की अंकुर फुटण्याआधी पहिले काम चालते ते या डागडुजीचे. नव्या बियाण्याला सांधायचे थोडे असते, म्हणून ते लवकर उठते. जुने बियाणे उठण्याआधी बराच वेळ स्वतःला सांधत बसते. रेंगाळणे म्हणतात ते हेच.

ही झीज दोन गोष्टींवर चालते, ओल आणि ऊब. जेम्स हॅरिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने याचा सोपा ठोकताळा दिला आहे: दाण्यातली ओल एका टक्क्याने उतरली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीची ऊब सुमारे पाच अंशांनी उतरली की पुन्हा दुप्पट. अगदी टोकाच्या ओलीला किंवा कोरडेपणाला तो लागू पडत नाही, पण मधल्या सगळ्या पट्ट्यात चालतो. आपल्या लोकांनी आकडा न मांडता हाच ठोकताळा घरोघर जपला. आजोबा खळ्यावर दाणा दातांखाली धरीत आणि कट् असा आवाज आला तरच पोते भरू देत. ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत ग्रंथात माघ-फाल्गुनात बी गोळा करावे, उन्हात वाळवावे, त्यात मिसळ होऊ देऊ नये, असे सांगितले आहे. राख ओल शोषते आणि किड्याच्या अंगावरचे मेणचट कवच खरवडून काढते. लिंबाचा पाला कीड दूर ठेवतो. शेणाने लिंपलेले मडके, त्यावर मडके, त्यावर मडके, अशी उतरंड माजघराच्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात रचायची. सांगलीजवळ हरिपूरला हळद ठेवायची जमिनीखालची खोल पेवे होती, सोलापूरकडे धान्याची. पेवाचे तोंड बंद केले की आतला प्राणवायू संपतो आणि कीड गुदमरते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. पेव खायच्या धान्याचे. पेरायचे बी मात्र घरात, बायकांच्या नजरेखाली.

प्रत्येक बियाण्याचा पिंडही वेगळा. पिठूळ दाणा दमाने टिकतो, तेलकट दाणा लवकर थकतो. कांद्याचे बी एक पावसाळा ओलांडेपर्यंतच भरवशाचे, हे कांदेवाल्या नाशिककरांना पाठ असते. आणि सोयाबीन तर फारच हळवे. त्यात पाचवा हिस्सा तेल, वरचे साल पातळ, आणि अंकुर त्या सालीच्या अगदी लगत. मळणीयंत्र जोरात फिरले, पोते उंचावरून आदळले, तरी आत इजा होते आणि वरून काही दिसत नाही.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी महाराष्ट्रभर झाल्या. माझ्या चुलतभावाच्या दोन एकरांत तास मोकळे पडले. पिशवीवर उगवणशक्ती नियमाप्रमाणे होती. दुबार पेरणीला पैसे उभे करताना त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी विसरलेलो नाही. दोष कोणाचा, हा तंटा पुढे बराच चालला. पण त्या गोष्टीचे एक टोक आदल्या वर्षात होते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पीक काढणीला आले असताना पाऊस थांबला नव्हता. शेंगेतला पक्का दाणा भिजला, वाळला, पुन्हा भिजला. अशा दाण्याचा जोम शेतातच, कोणाच्याही हाती पडण्याआधी, झडू लागतो. जीव मागे राहतो. आठ महिन्यांनी जूनमध्ये जे उघडे पडले, ते दिवाळीच्या सुमारास घडून गेले होते.

*

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती पाण्याची परीक्षा. बियाणे शुद्ध पाण्यात भिजत घालायचे आणि काही तासांनी त्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजायचे. पेशींची पटले धड असतील तर दाणा पाणी पितो आणि आपले क्षार, आपली साखर आत राखतो. पटले विरली असतील तर पाणी आत शिरते आणि आतले बाहेर झिरपते. पाणी जितके वीजवाहक, तितके बियाणे गळके. हे गळणे शेतात आणखी महाग पडते, कारण झिरपलेल्या साखरेवर मातीतल्या बुरशा धावून येतात. दुबळा दाणा असा स्वतःच शत्रूला आवतण देतो.

माझ्याकडे उपकरण नव्हते. मी स्वयंपाकघरात दोन पेले मांडले. एकात त्या हंगामातले सोयाबीन, दुसऱ्यात दोन पावसाळे पाहिलेले. संध्याकाळपर्यंत पहिल्या पेल्यातले पाणी बरेच नितळ होते. दुसऱ्यातले पिवळसर, किंचित चिकट, वर फेसाची बारीक कड. दाणे दोन्हीकडे फुगलेले, दिसायला सारखेच. फरक सगळा त्यांनी पाण्याला काय दिले यात होता.

पेले धुताना मनात आले, मातीलाही हेच विचारून पाहावे. गावाहून ढेकळे आणली. एक थोरल्या तुकड्यातले, वर्षानुवर्षे ट्रॅक्टरने नांगरलेल्या जागेचे. दुसरे त्याच तुकड्याच्या बांधावरचे, जिथे नांगर कधी लागला नाही आणि गवताच्या मुळ्या बारमाही आहेत. दोघांत चार पावलांचे अंतर, काळी माती एकच. दोन्ही ढेकळे नीट वाळवून एकेका पेल्यात अलगद सोडली. नांगरटीचे ढेकूळ फसफसले आणि पाहता पाहता कोसळले. पेल्याच्या तळाशी चिखल, वर गढूळ पाणी. बांधावरचे ढेकूळ मात्र बसून राहिले. त्यातून हवेचे चार बुडबुडे निघाले, दोन कण सुटले, बाकी ते तसेच. तासाभराने पाहिले तरी कडा शाबूत होत्या आणि पाणी इतके स्वच्छ की पलीकडचा दिवा दिसत होता.

त्या रात्री मी बराच वेळ त्या पेल्यांसमोर बसलो. बियाण्याची आणि मातीची परीक्षा एकच निघाली. पाण्यात पडल्यावर कोण स्वतःला धरून ठेवतो आणि कोण गळतो? धरणी, धरित्री, धरा हे मातीचे सगळे जुने शब्द ‘धृ’ या धातूवरून आले आहेत. अर्थ धरून ठेवणारी. आपण हे शब्द पूजेसाठी राखून ठेवले, पण त्यांत एक कसोटी सांगितलेली आहे. जी धरून ठेवते तीच धरित्री. जी पहिल्या पावसात विरघळते ती माती खरी, पण तिच्यातली धरित्री निघून गेलेली असते.

*

मातीचा जोमही तिच्या जिवाआधी जातो. पावसाचा टपोरा थेंब उघड्या जमिनीवर सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आदळतो. डब्ल्यू. डी. एलिसन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात दाखवून दिले की धूप सुरू होते ती वाहत्या पाण्याच्याही आधी, या थेंबाच्या आघाताने. पहिल्या पावसानंतर कोवळ्या रोपांच्या खालच्या पानांवर चिखलाचे शिंतोडे दिसतात. ते या आघाताचे ठसे आहेत. माती घट्ट कणांची असेल तर ती हा मार सोसते. हे कण बांधून ठेवणारा डिंक येतो कुठून? मुळांच्या स्रावातून, बुरशीच्या तंतूंतून, गांडुळांच्या विष्ठेतून, कुजत्या काडीकचऱ्यातून. म्हणजे सजीवांकडून. त्यांना खायला मिळेनासे झाले की डिंक आटतो, कण सुटे होतात, सुटे कण छिद्रे बुजवतात, वर पापडी धरते, पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. आपल्या किती तरी कोरडवाहू जमिनींत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला आहे. घळी पडणे ही फार पुढची पायरी.

भारतात दर हेक्टरी वर्षाला सरासरी सुमारे १६ टन माती जागची हलते, असा ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये मांडलेला अंदाज आजही आधाराला घेतला जातो. हेक्टरभर पसरली तर ही माती जेमतेम एखाद्या नाण्याच्या जाडीची होते. एवढे वावरातून गेलेले कोणाच्या डोळ्याला दिसणार? उत्पादन चालू असते, खताचा एखादा डोस वाढवला की आकडा सावरतो. बियाण्याच्या टक्केवारीसारखाच हा आकडाही बराच काळ नव्वदीत राहतो.

या भागात हे ओळखणारे लोक झाले. कोरडवाहू शेतीचे संशोधन १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरीला सुरू झाले आणि १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र उभे राहिले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाऊस किती पडतो, किती मुरतो, किती वाहतो, जाताना किती माती नेतो, हे वर्षानुवर्षे मोजले. त्यातून बांध घालणे, शेणखत, विरळ पेरणी, वरचेवर कोळपणी अशी पद्धत बसवली गेली. १९४२ मध्ये मुंबई प्रांतात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्ती गावोगाव पोहोचली. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांनी ताली, नालाबांध, पाझर तलाव बांधले. माझ्या वडिलांच्या पिढीने खडी फोडून आणि माती वाहून ते काम केले. ज्या बांधावरचे ढेकूळ मी आणले, तो त्याच वर्षांतला.

पण बांध वाहते पाणी अडवतो. थेंबाचा मार तो अडवू शकत नाही. तो मार फक्त आच्छादन अडवते. बांध हा मातीचा जीव राखायचा उपाय झाला, जोम राखायचा उपाय मातीच्या आत आहे. रायगडमधल्या नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताच्या शेतीत हेच धरले. गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, आणि पीक कापल्यावर मुळे जमिनीतच राहू द्यायची. ती कुजतात, त्यांच्या जागी वाटा राहतात, गांडुळे परततात. नांगर हा शेतीचा पहिला दागिना मानणाऱ्या आपल्या मनाला हे पचायला जड जाते. पण बांधावरच्या ढेकळाने मला तेच सांगितले होते.

विटांच्या थराची चाचणी देणारे हिल्टनर मला इथे पुन्हा आठवतात. नोब्बे यांच्यासोबत थारांटला काम करताना त्यांनी शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरचे जिवाणू बियाण्याला लावायचे संवर्धन तयार केले. आज आपला शेतकरी सोयाबीन-तुरीला रायझोबियम चोळतो ती याचीच परंपरा. आणि १९०४ मध्ये मुळाभोवतीच्या त्या जिवंत मातीला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव त्यांनीच दिले. बियाण्याचा रेटा आणि मुळाभोवतीची माती, दोन्हींचा ध्यास एकाच माणसाला होता. आपण मात्र त्यांचे दोन विभाग केले, दोन इमारती, दोन पदव्या.

*

बियाण्याचे पहिले कोठार माती आहे. अमेरिकेत मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम बील यांनी १८७९ मध्ये वीस बाटल्यांत ओलसर वाळू आणि एकवीस जातींचे, बहुतेक तणांचे, बी भरून त्या जमिनीत पुरल्या. तणाचे बी मातीत किती वर्षे तग धरते, हा शेतकऱ्याचा साधा प्रश्न होता. ठरलेल्या काळाने एकेक बाटली उकरायची. २०२१ मध्ये सोळावी निघाली. प्रकाश लागून बी चाळवू नये म्हणून शास्त्रज्ञांनी ती रात्री, मंद दिव्यात काढली. १४१ वर्षांनंतर त्यातले एका तणाचे बी उगवले. पुढची बाटली २०४० मध्ये निघेल, शेवटची २१०० मध्ये. बील केव्हाच गेले. त्यांचे काम पिढ्यांनी हातोहात पुढे नेले.

रानबियांना वाट पाहता येते. आपल्या पिकांत ते बळ फारसे उरलेले नाही, आणि ते आपणच काढून घेतले. पेरले की सगळे एकदम उगवावे म्हणून माणसाने हजारो वर्षे तेच दाणे निवडले जे थांबत नव्हते. उपट्या भुईमुगाला काढणीच्या वेळी पाऊस लागला तर शेंगेतच मोड येतात. पसऱ्या भुईमुगाच्या बीला अजून काही आठवडे झोप ठाऊक आहे. जोंधळ्याच्या कणसाला उभ्यानेच कोंब फुटलेले पाहून शेतकरी हळहळतो, तेव्हा तो आपल्याच पूर्वजांच्या निवडीचे फळ पाहत असतो. बियाण्याची वाट पाहण्याची शक्ती आपण घेतली, म्हणून त्याच्यासाठी वाट पाहण्याचे काम आपल्यावर आले. उतरंड, राख, पेव, शीतगृह हे सगळे त्या ऋणाचे हप्ते आहेत.

हे ऋण काहींनी प्राणांनी फेडले. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांच्या बियाणे-संग्रह संस्थेतल्या माणसांनी धान्याच्या पोत्यांशेजारी उपासमारीने प्राण सोडले, पण संग्रहातल्या बियाण्याला हात लावला नाही; वाविलोव्ह स्वतः १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात वारले. त्या कथेतला बटाट्यांचा भाग कमी सांगितला जातो. बटाट्याचे बेणे वाळवून ठेवता येत नाही. ते तोफांच्या माऱ्यात शेतातून काढून शहरात आणले, तळघरात गोठू नये म्हणून मिळेल ते जाळून ऊब दिली, आणि वसंतात पुन्हा मातीत लावले. जपणे म्हणजे पुन्हा लावणे, हे त्यांना वेढ्यातही सोडता आले नाही.

उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डच्या डोंगरात २००८ मध्ये जगाचे बियाणे-कोठार उघडले, उणे १८ अंशांचे. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळची बियाणे पेढी वापरता येईना, तेव्हा २०१५ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी स्वालबार्डहून आपलेच बियाणे परत मागवले. ते लेबनॉन आणि मोरोक्कोच्या मातीत पेरले, वाढवले, आणि २०१७ मध्ये नवे बियाणे पुन्हा त्या बर्फात ठेवायला पाठवले. इतक्या थंडीतही उतार थांबत नाही, मंद होतो. ठराविक वर्षांनी प्रत्येक दाण्याला मातीकडे जावेच लागते. फणस, आंबा, कोकम यांच्या बियांना तर वाळणेच सोसत नाही. त्यांना कोणतेही शीतगृह पेलत नाही. त्यांचे कोठार म्हणजे उभे झाड. सह्याद्रीतल्या देवरायांनी ते शतकानुशतके राखले. आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बी मातीच्या मडक्यांत जपले, बायाबापड्यांत वाटले, वावरांत फिरते ठेवले. त्यांना पद्मश्री मिळाली याचा मला आनंद आहे. त्याहून मोठा आनंद याचा की त्यांचे कोठार दर पावसाळ्यात रिकामे होते आणि दर सुगीला भरते.

*

आजी गेली त्याला पुष्कळ वर्षे झाली. शहरातल्या आमच्या घरी घट बसतात. माती बाजारातून पिशवीत येते, काळीभोर, चाळलेली. धान्य किराणा दुकानातून. कोंब येतात, तुरे खोवले जातात.

पेल्यांचा प्रयोग केला त्या वर्षी मी घटाच्या आदल्या दिवशी गावी गेलो. पाटी घेऊन थोरल्या तुकड्यात उतरलो आणि मधोमध, जिथे चुलतभाऊ ज्वारी पेरणार होता तिथे, वाकलो. हात मातीत घातला आणि तसाच थांबलो. आजी परसातली माती का घेत नसे, ओढ्याकाठची मऊ गाळमाती तिला का चालत नसे, ते मला त्या क्षणी उमगले. त्या मऊ मातीत कोणतेही बी तरारले असते आणि तिला काहीच कळले नसते. ज्या मातीत पेरायचे तिच्यातच ते कसे उठते, हे तिला पाहायचे होते. ती बियाण्याची आणि मातीची परीक्षा वेगळी घेतच नव्हती. परडीत दोघे एकत्र होते, आणि तिचा तळहात दोघांनाही एकदमच विचारत होता.

त्या मातीत चुलतभावाच्या बियाण्यातली मूठ पेरून घट बसवला. नवव्या दिवशी मी लवेवर हात ठेवला. कोंब उगवले होते, जवळजवळ सगळे. हाताखाली ते वाकले आणि सावकाश उठले, कुठे उठले, कुठे नाही. मी चुलतभावाला फोन केला. म्हटले, बी पुन्हा एकदा तपासून घे, आणि औंदा ज्वारी निघाली की धसकटे उपटू नकोस, राहू दे जमिनीत. बांधाच्या कडेच्या चार काकऱ्यांपासून सुरू कर. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘चार काकऱ्या कशाला, दादा? अर्धा एकर घेऊ.’’